क्ष कुठे ठेवायचा

वटवाघूळ हा पक्षी नाही. हे वाक्य मी आमच्या इमारतीच्या सभेत एकदाच, आवाज न चढवता उच्चारलं. त्यानंतर जे घडलं त्याला मी जबाबदार आहे असं माझा नवरा म्हणतो. माझ्या मते जबाबदारी वटवाघळाची आहे.

विषय गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण नीट बसत नाही, हा होता. त्यातून "रात्री पक्षी आत जातात" असं अध्यक्ष म्हणाले, कोणते पक्षी असं कुणीतरी विचारलं आणि अध्यक्षांनी "वटवाघूळ वगैरे" असं उत्तर दिलं. मी आयुष्यभर पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम केलेलं आहे. तिथे 'वगैरे' लिहिलं तर अहवाल परत येतो. म्हणून मी म्हटलं, की तो सस्तन प्राणी आहे, पिल्लांना दूध पाजतो.

"तसं कुठं लिहिलंय?" अध्यक्ष म्हणाले.

अध्यक्ष विमा कंपनीतून निवृत्त झालेले आहेत. माणूस मेला तरी तसं लिहिलेलं दाखवल्याशिवाय मेला असं मानायचं नाही, या शिस्तीत त्यांची हयात गेली. मी म्हटलं, कुठल्याही पुस्तकात लिहिलंय. ते म्हणाले, दाखवा. तोवर सगळ्यांनी आपापले फोन काढले होते. एकाच्या फोनवर वटवाघळाचं चित्र आलं, दुसऱ्याच्या फोनवर त्याच्यापासून होणारे आजार आले आणि चौथ्या मजल्यावरच्या बाईंच्या फोनवर वटवाघळाच्या आकाराची काळी छत्री आली, सवलतीच्या दरात. त्यांनी ती तिथेच मागवली.

"बघा वहिनी," अध्यक्ष म्हणाले, "फोनवर काहीही येतं. ज्ञान कसं, एका जागी पाहिजे. हात घातला की सापडलं पाहिजे."

हे ते बरोबर बोलले. तोपर्यंत ते एवढं एकच वाक्य बरोबर बोलले होते आणि मी नेमकी त्यालाच फसले.

इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली आहे. दारावर 'वाचनालय' अशी पाटी आहे, आत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, एक लांब टेबल आणि उत्तरेकडची खिडकी. खिडकीतून दिवसभर सारखा, सावली न पाडणारा उजेड येतो. अशा उजेडासाठी प्रयोगशाळेत आम्ही भांडायचो. निवृत्तीनंतर मी रोज दुपारी तिथे जाऊन बसत होते. वाचायला असं नाही. घरी जेवणाच्या टेबलावर बसलं की "आज काय करणार आहेस?" असं विचारतात आणि त्याचा अर्थ भाजी असा असतो. त्या खोलीत मला कुणी काही विचारत नसे. एवढ्यासाठी मला ती खोली हवी होती, आणि ते तसं सांगण्याची सोय नव्हती.

चौथ्या मजल्यावरच्या बाईंनाही ती हवी होती, पार्सलं ठेवायला. इमारतीत सगळे त्यांना पार्सलवाल्या म्हणत. त्यांच्याकडे रोज काही ना काही येई आणि त्यातलं अर्धं परत जाई, त्यामुळे फाटकापाशी खोक्यांची एक टेकडी कायम असे. "वाचनालयात वाचतंय कोण?" हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचं खरं उत्तर मला देता येत नव्हतं. शेवटी असं ठरलं: मी तिथे एक संदर्भ कपाट करावं. इतिहास, भूगोल, निसर्ग, जे काही सामान्य माणसाला ठाऊक असावं ते एकेका कार्डावर. वार्षिक सभेत पार्सलवाल्या एक प्रश्न विचारतील. कपाटातून उत्तर निघालं तर खोली कपाटाची, नाही तर खोक्यांची.

"आणि तोंडी उत्तर बाद," हा नियम मी स्वतःहून घातला. कार्ड सापडलं पाहिजे. मी नसेन त्या दिवशीही कपाट चाललं पाहिजे, तरच ते कपाट. शास्त्रशुद्ध वागण्याची ही खोड मला आयुष्यात कायम नडलेली आहे.

कपाट एका दंतवैद्यांकडून मिळालं. ते दवाखाना बंद करत होते आणि त्यांच्याकडे छोट्या छोट्या खणांचं, सुंदर, जड लाकडी कपाट होतं. प्रत्येक खणाला लवंगेच्या तेलाचा वास होता आणि वर पट्टी होती: 'खालची डावी दाढ', 'सुळा', 'कवळी, तात्पुरती'. पट्ट्या बदलायला मी रंगाऱ्याला बोलावलं आणि सांगितलं, मुळाक्षरं लिही, क्रमाने. मग मी बँकेत गेले. माणसाने रंगारी कामावर असताना बँकेत जाऊ नये.

रंगाऱ्याने समोरच्या बालवाडीतून अक्षरांचा तक्ता आणला होता आणि तो इमानाने उतरवला होता. क, ख, ग, घ, ङ. च, छ, ज, झ, ञ. 'ङ'ला स्वतंत्र खण. 'ञ'ला स्वतंत्र खण. 'ण'ला सुद्धा. ङपासून सुरू होणारा एकही शब्द भाषेत नाही हे मी त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, आज नाही, उद्या निघाला तर?" खरी गंमत शेवटी होती. या तीन निरुद्योगी अक्षरांना जागा दिल्यामुळे 'ह'पाशी खण संपले होते. ळ, क्ष आणि ज्ञ उघड्यावर पडले होते. ळचं काही अडत नव्हतं, त्याच्यापासून कोण शब्द सुरू करतो? पण क्ष आणि ज्ञ यांचं काय?

हे मला तेव्हा फार क्षुल्लक वाटलं. (हाही शब्द कुठे ठेवायचा ते तेव्हा ठरलेलं नव्हतं.)

आधी कार्डं. मदतीला इमारतीतले विद्वान आले, मी न बोलावता. इतिहास पहिल्या मजल्यावरच्या सरांनी घेतला. सर शाळेत इतिहास शिकवायचे, अक्षर मोत्यासारखं, आणि तब्बल आठवडाभर त्यांनी कार्डं लिहिली. मी ती लावायला घेतली तेव्हा लक्षात आलं की सगळी एकाच खणात जाताहेत. सरांच्या प्रत्येक कार्डाची सुरुवात 'थोर' अशी होती. थोर राजा, थोर सेनापती, थोर बंड, थोर दुष्काळ. थ चा खण उघडेना आणि उघडला तर मिटेना.

"सर, 'थोर' काढून टाकू या का?"

"काढा ना. पण मग ते थोर होते हे मुलांना कळणार कसं?"

"आणि दुष्काळ?"

"तो फारच थोर होता, बाई," सर गंभीरपणे म्हणाले.

निसर्ग तिसऱ्या मजल्यावरच्या पक्षीवाल्यांनी घेतला. ते गळ्यात केवढा तरी कॅमेरा अडकवून दूध आणायला जातात. त्यांच्या कार्डांची सुरुवात 'मी' अशी होती. 'मी पाहिलेला खंड्या.' 'मी जवळजवळ पाहिलेलं घुबड.' सगळी म मध्ये. भूगोल सासूबाईंनी मागितला. त्यांनी प्रवास बराच केलेला आहे, आणि त्यांच्या कार्डांवर पर्वत, नद्या आणि वाळवंटं यांच्याबद्दल एकच माहिती होती: तिथे त्यांच्या गुडघ्यांना काय झालं.

"आई, उंची लिहायची असते हो पर्वताची."

"अगं, उंची कुणाला हवीय? चढवतं का, ते सांगितलं की झालं. मी लिहिलंय. नाही चढवत."

मी त्या सगळ्यांची कार्डं ठेवून घेतली, आभार मानले आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी स्वतः लिहिली. खिडकीपाशी बसून, शाई सारखी, ओळी सारख्या. खरं सांगायचं तर ते दिवस फार चांगले गेले. आणि सगळ्यात चांगलं कार्ड होतं 'क्षार'. आमच्या टाकीचं पाणी मी जुन्या प्रयोगशाळेत नेऊन तपासलं होतं. नळाच्या तोटीवर पांढरं का बसतं, बादलीच्या कडेला, गीझरमध्ये, चष्म्याच्या काचेवर, ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमपर्यंत नेऊन, आणि ते घालवायला काय करावं ते, सगळं एका कार्डावर. त्या इमारतीत राहणाऱ्या माणसाच्या उपयोगाचं जगातलं एकमेव कार्ड. नवऱ्याने ते वाचलं आणि म्हणाला, "कार्ड उत्तम आहे. ठेवणार कुठे?"

मी अध्यक्ष, सर आणि सासूबाई यांना खोलीत बोलावलं. पाच मिनिटांचं काम होतं.

"क्ष आणि ज्ञ तक्त्यात शेवटी आहेत," सर म्हणाले. "ते शेवटीच राहणार. खण नाही तर नाही, वर एखादं बुटाचं खोकं ठेवा."

"कुणाला बुटाच्या खोक्यात?" अध्यक्ष म्हणाले.

इथे सांगितलं पाहिजे की अध्यक्षांचं आडनाव क्ष पासून सुरू होतं. त्या दिवसापर्यंत मी याला काही महत्त्व दिलेलं नव्हतं.

"ङ चा खण रिकामा आहे," मी म्हटलं. "त्यात ठेवू या."

"त्यात माझा चष्मा असतो," सासूबाई म्हणाल्या.

"आणि ङ च्या घरात क्ष?" सरांना ते फारच लागलं. "उद्या म्हणाल सहाच्या घरात दोन लिहा!"

मग मी जे खरं आहे ते सांगितलं. क्ष हे वेगळं अक्षर नाही, जोडाक्षर आहे. पाय मोडलेला क आणि ष. म्हणजे ते क मध्येच जातं, क्रूर आणि क्लेश यांच्या पुढे. तसंच ज्ञ हे ज आणि ञ, म्हणून ते ज मध्ये. वाद घालण्यासारखं यात काही नाही.

अध्यक्ष उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, लवंगेच्या तेलाने असेल.

"वहिनी," ते म्हणाले, "शाळेत हजेरी घेताना माझं नाव येईपर्यंत घंटा व्हायची. कित्येक दिवस मी हजर असून गैरहजर. परीक्षेत शेवटचा बाक, संडासाला लागून. गणवेश वाटला तेव्हा माझ्यापाशी येईपर्यंत फक्त मोठे उरले. लग्नाच्या वयापर्यंत मी ती चड्डी वापरली. आणि तुम्ही म्हणता मी क मध्ये आहे? पहिल्या रांगेत?"

"क्ष क मध्ये आहे," मी म्हटलं. "तुमचं मला माहीत नाही."

पण माणूस ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. त्या दिवसापासून अध्यक्ष माझ्या बाजूचे झाले. शत्रू म्हणून ते मला परवडत होते. ते फक्त सभेत भेटत. मित्र म्हणून ते रोज दुपारी खोलीत येऊन बसू लागले. उजेड अडवून बसत. वटवाघळाचं कार्ड त्यांना मी आवर्जून दाखवलं, तर ते वाचून म्हणाले, "पण हे तुम्हीच लिहिलंय!" आणि मोठ्याने हसले. मग म्हणाले, "असू दे. तुम्ही क्ष ला न्याय दिलात. सस्तन तर सस्तन."

सर मात्र रुसून गेले. रुसले होते, पण येत होते. मी दुपारी चहाला वर गेले की सर येत, क मधून क्ष ची सगळी कार्डं काढत आणि कपाटावर स्वतः आणून ठेवलेल्या बुटाच्या खोक्यात घालत. सर गेले की अध्यक्ष येत आणि ती पुन्हा क मध्ये लावत. क्षत्रिय, क्षय, क्षार, क्षितिज, सगळे दिवसातून दोनदा प्रवास करत होते. मी सरांना एकदा पकडलं.

"बाई, चाळीस वर्षं मी मुलांकडून ह, ळ, क्ष, ज्ञ असं घोकून घेतलंय," ते म्हणाले. "क्ष क मध्ये आहे असं आता कळलं, तर त्या सगळ्या मुलांना काय वाटेल?"

"त्यांतली काही आता आजोबा असतील, सर."

"म्हणूनच!"

नवऱ्याने सुचवलं की दोन्हीकडे एकेक कार्ड ठेवावं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पेपर घेऊन बाल्कनीत गेला. दोन्हीकडे! म्हणजे पाणी दोन तापमानांना उकळतं असं लिहायचं, ज्याला जे पटेल ते त्याने घ्यायचं.

वार्षिक सभा खोलीतच भरली. खुर्च्या मांडल्या होत्या, कपाट पुसलं होतं. पार्सलवाल्या नवीन काळी छत्री घेऊन पुढच्या रांगेत बसल्या होत्या. बाहेर पावसाचं नाव नव्हतं. सर तिसऱ्या रांगेत, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. अध्यक्षांनी सूत्रं हाती घेतली आणि पार्सलवाल्यांना प्रश्न विचारायला सांगितलं.

त्यांना काही इतिहास-भूगोलाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, "माझा नवीन शॉवर आहे ना, त्याच्यावर महिन्याभरात पांढरं पांढरं जमलं. मी दोनदा परत पाठवला. ते कशानं होतं?"

माझ्या मनात काय झालं ते मी सांगत नाही. विज्ञान शिकलेल्या माणसाने दैवावर विश्वास ठेवू नये, पण दैवाने एखाद्या वेळी इतकं अंगावर येऊ नये. जगातल्या सगळ्या प्रश्नांमधून या बाईने माझं सगळ्यात चांगलं कार्ड मागितलं होतं.

"क्षार," मी म्हटलं आणि क चा खण उघडला.

क्रूर होता. क्लेश होता. पुढे काही नव्हतं.

मी बुटाचं खोकं खाली घेतलं आणि झाकण काढलं. आत बूट होते. जुने, एकाचा तळ सुटलेला. सभेत हशा झाला. मी अध्यक्षांकडे पाहिलं.

"मी ठेवले," ते दबक्या आवाजात म्हणाले. "म्हटलं, जागाच नसली तर सर ठेवतील कुठे?"

सर कुठे ठेवतील ते मला तिसऱ्या रांगेत दिसत होतं. पिशवीच्या तोंडातून माझ्या कार्डांचे पांढरे कोपरे वर आले होते.

"सर," मी म्हटलं, "पिशवी."

"देतो," सर म्हणाले. "आत्ता देतो. आधी ठराव करा. क्ष शेवटी."

"मेलो तरी नाही!" अध्यक्ष म्हणाले.

"अहो, तुमच्या पदात तरी बघा! अध्यक्ष! क्ष कुठं आला? शेवटीच ना?"

अध्यक्षांना हे कधी सुचलं नसावं. ते तोंड उघडून उभे राहिले आणि बोटांवर अक्षरं मोजू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, तुम्ही तोंडीच सांगून टाका ना, तुम्हाला येतंय ते." पार्सलवाल्या म्हणाल्या, "तोंडी बाद. वहिनींचाच नियम आहे."

तो माझाच नियम होता.

मग सर माझ्याकडे वळले. आवाज एकदम मऊ केला. "बाई, यांना सोडा. ठराव राहू द्या. तुम्ही फक्त म्हणा, क्ष शेवटी. एवढेच दोन शब्द. लगेच कार्ड देतो. खोली तुमची."

सगळे माझ्याकडे बघत होते. सासूबाईंनी मानेनेच खूण केली, म्हण, म्हण. नवऱ्याने खूण केली नाही. तो मला ओळखतो, त्याने डोळे मिटून घेतले. खिडकीतून तो सारखा उजेड लांब टेबलावर पडला होता. दोन शब्द. आमच्या प्रयोगशाळेत लोक यापेक्षा कमी मोलासाठी आकडे बदलत. मी बदलले नाहीत, म्हणून मी कधी प्रमुख झाले नाही आणि म्हणून मला निवृत्तीनंतर बसायला एक खोली लागत होती.

"क्ष," मी म्हटलं, "हे जोडाक्षर आहे."

सरांनी पिशवीचा बंद आवळला.

"म्हणजे उत्तर मिळालं नाही ना?" पार्सलवाल्यांनी विचारलं.

खोली खोक्यांना गेली. मतदानात माझ्या बाजूने मी, सासूबाई आणि अध्यक्ष असे हात वर झाले. नवऱ्याचा हात थोडा उशिरा वर झाला, पण झाला. सरांनी कार्डं दुसऱ्या दिवशी घरी आणून दिली, रबर लावून, क्रमाने. 'क्षार' वाचलं म्हणाले, फार छान आहे, घरच्या नळांना उपयोग झाला. वर पेन्सिलने 'थोर' असं लिहिलेलं होतं.

कपाट आता आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. ते दारातून आत येईना म्हणून दाराची चौकट काढावी लागली, त्याबद्दल मी बोलणार नाही. सासूबाई ङ मध्ये चष्मा ठेवतात, ञ मध्ये गोळ्या आणि ण मध्ये कवळी. लवंगेच्या वासात ती ताजी राहते म्हणतात. आमच्या घरातला तेवढाच भाग आहे जिथे हात घातला की वस्तू सापडते. मी जेवणाच्या टेबलावर बसते. "आज काय करणार आहेस?" असं विचारतात.

खाली पार्सलांची व्यवस्था मात्र उत्तम लागली. वॉचमन शिस्तीचा आहे. त्याने भिंतीवर बालवाडीचाच तक्ता चिकटवला आणि आडनावांप्रमाणे खोकी रचली, अ पासून दाराशी सुरुवात करून, आतपर्यंत. परवा दुपारी बेल वाजली. दारात अध्यक्ष होते, घामाघूम, कपड्यांना धूळ, शर्टाची एक बाही उसवलेली.

"वहिनी, जरा खाली येता का? माझं पार्सल पार मागच्या भिंतीशी टाकलंय त्याने. ह च्या पलीकडे. पार्सलवाल्यांच्या कुठल्याशा व्यायामाच्या सायकलीखाली. तीन खोकी अंगावर आली. मी त्याला सांगतोय, बाबा रे, क्ष क मध्ये असतो, ते जोडाक्षर आहे. ऐकतच नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही जरा समजावून सांगा त्याला."

मी कपाटाकडे पाहिलं. क चा खण, आत क्रूर, क्लेश आणि त्यापुढे, जिथे असायला हवा तिथे, क्षार. मग मी अध्यक्षांकडे पाहिलं.

"तसं कुठं लिहिलंय?" मी म्हटलं आणि दार लोटून घेतलं.